मीटर तेच

दर रविवारी सकाळी चहा झाला की मी पडवीतल्या बाईकवरची ताडपत्री काढायचे, गाडी डबल स्टँडवर घ्यायचे आणि दहा मिनिटं चालू ठेवायचे. जायचं कुठेच नसायचं. बॅटरी उतरू नये, एवढ्यासाठी. दहा मिनिटं झाली की बंद, वर परत ताडपत्री, किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला. मग वहीत लिहायचं: रविवार. स्टँडवर. दहा मिनिटं. मीटर तेच.

ही वही आमच्या ह्यांची. हे फौजेत ड्रायव्हर. त्यांच्याकडे म्हणे गाडी गेटच्या बाहेर पडली की तारीख, मीटर, कुठून कुठे, कारण आणि सही, असे पाच रकाने भरल्याशिवाय चाक हलत नाही. ते ठीक आहे, ती सरकारची गाडी. पण लग्नाच्या वर्षी, म्हणजे दोन हजार चौदाला, स्वतःच्या पगारातून घेतलेल्या बाईकलाही ह्यांनी तशीच वही केली. पट्टीने रेघा मारून. लग्नानंतर सतरा दिवसांनी परत जाताना माझ्याशी बोलले त्यापेक्षा जास्त त्या वहीबद्दल बाबांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, बोलले. मी आतून ऐकत होते. म्हटलं, घ्या! सवत मिळाली ती पण पेट्रोलवर चालणारी.

पहिलं वर्ष बाबाच गाडी चालू करायचे. मग त्यांचे गुडघे धरले आणि ते काम माझ्याकडे आलं.

आमचं घर आगरला, डहाणूच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी मूळची तलासरीच्या डोंगरातली. आमच्याकडे भात, नाचणी आणि चढ. इथे सगळं सपाट. शेजारी मच्छीमारांची घरं, मागे दुसऱ्याची चिकूची वाडी, तिथे बाबांनी जन्मभर झाडं राखली. माणसं वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझा आवाज चढेल आणि वाचणाऱ्याला वाटेल की सासरी छळ होता. छळ नव्हता. पोटभर जेवण होतं, सासू दुपारी माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची. पण त्या घरात एक वाक्य होतं, आणि त्याने माझा जीव नकोसा करून टाकला होता. "तो आला की बघू."

घराला रंग? तो आला की बघू. नणंदेच्या बाळाचं बारसं? तो आला की. टीव्ही बिघडला, विहिरीची मोटर जळली, माझ्या माहेरी पूजा होती, सगळं तो आला की. त्यांच्या सुट्टीचे वर्षातले दोन महिने, त्यात आमचं बारा महिन्यांचं जगणं कोंबायचं. उरलेले दहा महिने आपण ताडपत्रीखाली.

पंधरा साली माझी दाढ दुखायला लागली. गाल हा एवढा सुजला. सासू म्हणाली, "लवंग धर. महिन्यात येतोच आहे तो, मग दाखवू डहाणूला." मी गरोदर होते, भांडायला अंगात त्राणच नव्हतं. महिन्याचे तीन महिने झाले, कारण सुट्टी पुढे गेली. हे आले, मला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाला आता काढावी लागेल, लवकर आणायचं होतं. जीभ अजून त्या मोकळ्या जागेत जाते आणि गेली की मला राग येतो. आजही येतो.

आणि मी काही सुरू करावं म्हटलं, तर क्वार्टर आडवं यायचं.

फॅमिली क्वार्टर म्हणजे काय, ते फौजीच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. शांत ठिकाणी पोस्टिंग असलं की बायकामुलांना सोबत नेता येतं, पण घरं कमी आणि माणसं जास्त, म्हणून यादी. "या वर्षी नाव लागेलच," हे फोनवर म्हणायचे. बालवाडीत मदतनीस हवी होती, मी विचारलं. "कशाला? दोन महिन्यांत इकडे यायचंय तुला." शिवणाचा क्लास? "अर्धा सोडून येशील." सोळा साली तर मी बॅग भरली. खरंच भरली, पोरीचे लोकरीचे कपडे वगैरे घालून. ती बॅग कपाटावर आठ महिने होती. मग एक दिवस सासूने तिच्यातली चादर पाहुण्यांसाठी काढली, आणि उरलेले कपडे मीच परत कपाटात लावले.

पोरगी बोलायला लागली तेव्हा तिला कुणी विचारलं, "बाबा कुठेत?" की ती फोनकडे बोट दाखवायची. लोक हसायचे. मीही हसायचे. काय करणार?

अठरा सालच्या सुरुवातीला ह्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. यादीत नाव खरोखर वर आलं होतं. फक्त कागद पूर्ण हवे होते, आणि त्यात माझा जन्माचा दाखला नव्हता.

कसा असणार? आमच्या पाड्यावर कुणाच्या जन्माची नोंद करायला कोण गेलं होतं? शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आमच्या सगळ्या वर्गाची जन्मतारीख एक जून लिहिली. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला! शाळेचा दाखला फौजेत चालेना. तलासरीला जाऊन, प्रतिज्ञापत्र करून, उशिरा नोंद करून घ्यायची होती.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तो आला की..."

"बाबा, हे काम झाल्याशिवाय ते नेणारच नाहीत. त्यांचंच काम आहे हे."

पोराचं काम म्हटल्यावर बाबा नरमले. मी आगरहून रिक्षाने डहाणू स्टेशन, तिथून एसटी, एसटी चुकली तर टमटम, असं करत तीनदा गेले. तिन्ही वेळा पोचेपर्यंत साहेब जेवायला गेलेले. तिसऱ्या वेळी घरी आले ती चप्पल भिरकावूनच. बाबा पडवीत बसले होते, मागे ताडपत्रीखाली ती बाईक. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, गाडी द्या मला. मी चालवते."

"तू?"

"माहेरी भावाची चालवत होते. लायसन्स आहे माझ्याकडे, लग्नाआधीचं."

सासू आतून हात पुसत आली. "अगंबाई! आणि चार वर्षं बोलली नाहीस ती?"

"कुणी विचारलं?"

बाबांनी ह्यांना फोन लावला. बायको बाईक चालवते हे ऐकून हे एवढे हसले की फोनबाहेर ऐकू आलं. "जाऊ दे तिला, बाबा. कागदाचं काम होईपर्यंत. वहीत मात्र लिहायला सांगा."

कागदाचं काम होईपर्यंत. बाबांनी ते अगदी पाठ केलं.

कचेरीत दाखल्यांचं काम गुरुवारीच चालायचं. पहिल्या गुरुवारी ताडपत्री काढली आणि गाडी स्टँडवरून खाली घेतली तेव्हा शेजारच्या मावशी बोंबील वाळत घालायचं सोडून बघत राहिल्या. डहाणू मागे पडलं, रस्ता आत वळला, झाडं बदलली, चढ लागला आणि मी मोठ्याने रडायला लागले. हेल्मेटमध्ये. दुःख म्हणून नव्हे, कशासाठी ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तलासरीला पोचले, तोंड धुतलं आणि वहीत लिहिलं: गुरुवार. आगर ते तलासरी. कारण: दाखल्याचं काम. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून मीटरचा आकडा बदलला होता.

कचेरीतलं काम म्हणजे मुख्यतः बसून राहायचं काम. बाहेर एक झेरॉक्सचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर मी बसायचे. दुकान चालवणारी बाई गुजरातीत हिशेब करायची, मराठीत भांडायची आणि माझ्याशी फार प्रेमाने वागायची. दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी तिथे एक म्हातारी आली. आमच्या पाड्याच्या पलीकडच्या डोंगरावरची. तिच्या हातात पिशवी, पिशवीत अर्ज. निराधारांच्या पेन्शनचा. तीनदा परत आला होता. खिडकीवरचा माणूस तिला मराठीत सांगत होता, ती तिच्या बोलीत काहीतरी सांगत होती, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

"काय झालं गं आई?" मी आमच्या बोलीत विचारलं.

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बोलणाऱ्या दगडाकडे पाहावं. मग खाली बसली आणि सगळं सांगितलं. नवरा वारला त्याचा दाखला होता, पण त्याच्यावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव वेगळं, कारण घरात त्याला एका नावाने हाक मारायचे आणि शाळेत दुसरं. दोन्ही नावं एकाच माणसाची, एवढं लिहून दिलं असतं तर काम झालं असतं. पण हे तिला कुणी समजेल असं सांगितलंच नव्हतं. मला मात्र माहीत होतं. ह्यांच्या कागदांपायी चार वर्षं मी तेच करत होते! बँक, लग्नाची नोंद, ओळखपत्र, पोरीचं नाव चढवणं. कुठे प्रतिज्ञापत्र लागतं, कुठे नुसता अर्ज चालतो, कुठल्या खिडकीवर आधी नमस्कार करायचा, सगळं तोंडपाठ.

मी पायरीवर बसून अर्ज लिहिला. तिला बोलीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्यात मी हाय?" म्हटलं, "हो, तूच आहेस." अंगठा उठवला. अर्ज घेतला गेला.

पुढच्या गुरुवारी ती आणखी दोघींना घेऊन आली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पायरीवर जागा उरली नाही. झेरॉक्सवाल्या बाईने आतून एक स्टूल आणि जुना पाट दिला, पाटावर कागद ठेवून लिहायला. जातीचे दाखले, वनपट्ट्याचे अर्ज, शिष्यवृत्ती, बँकेत अडकलेली मजुरी. कुणी काकडी द्यायचं, कुणी वीस रुपये, कुणी नुसतंच डोक्यावरून हात फिरवायचं. मी प्रत्येकीला एकच बजावायचे: "खोटं लिहू नका. खोटा कागद परत येतो."

हो. मीच सांगायचे हे.

घरी आले की सासू म्हणायची, "दमली असशील." मी दमलेली नसायचे. कुणाला पटणार नाही, पण गुरुवारी रात्री भाकऱ्या करताना मला हसू यायचं. शुक्रवार ते बुधवार मी तीच होते, आगरची सूनबाई, फौजीची बायको. पण मध्ये एक गुरुवार असायचा.

पावसाळा संपता संपता माझा दाखला आला.

खिडकीवरच्या माणसाने शिक्का मारला आणि म्हणाला, "घ्या ताई, जन्मलात एकदाच्या." सगळे हसले. पायरीवरच्या बायकांनी तो कागद हातात घेऊन पाहिला. मी प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वही काढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: जन्माचा दाखला मिळाला. सही केली. गाडी सुरू केली.

सगळ्या वाटेत मी खूश होते, शपथेवर सांगते. क्वार्टर, पोरीला फौजेची शाळा, पोरीला बाप. आगरच्या वळणावर आले आणि गाडी हळू केली. कागदाचं काम होईपर्यंत. म्हणजे आता ताडपत्री.

बाबा पडवीतच होते. "झालं का गं?"

आणि माझं तोंड म्हणालं, "सही राहिलीय. पुढच्या गुरुवारी."

ठरवलं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. दाखला मी साड्यांच्या घडीत खाली ठेवला, आणि पुढच्या गुरुवारी परत गेले. मग त्याच्या पुढच्या. दर वेळी नवीन कारण. साहेब रजेवर. साहेबांची बदली. शिक्का हरवला. बाबा बिचारे माझ्या बाजूने चिडायचे. "काय माणसं आहेत! पोरीला हेलपाटे घालायला लावतात! मी येतो, बघतो एकेकाला." गुडघे धरून उठायचे. मी म्हणायचे, "नको बाबा, तुम्ही बसा," आणि आत निघून जायचे.

ह्यांचा फोन यायचा. "अजून नाही?"

"नाही हो."

"एवढा उशीर लागतो?"

"लागतो इकडे."

दर आठवड्याला मी ठरवायचे की या गुरुवारी शेवटचं, घरी जाऊन सांगायचं की मिळाला. आणि दर गुरुवारी निघताना कुणीतरी म्हणायचं, "पुढच्या वेळी माझं बघशील ना, बाय?" मी हो म्हणायचे. मला कुणी काही विचारावं आणि मी हो म्हणावं, हे माझ्या आयुष्यात नवीन होतं.

एकोणीसच्या सुरुवातीला एका दुपारी ह्यांचा फोन आला. कागद अपुरे म्हणून यादीत त्यांच्या मागच्या माणसाला क्वार्टर मिळालं. आणि युनिटला वर, सीमेवरच्या डोंगरात जायचा हुकूम आला होता. तिथे फॅमिली नाही. "निदान तीन वर्षं तरी आता विसर," हे म्हणाले. "तुझा काही दोष नाही. आपल्याकडची कचेऱ्यांची तऱ्हाच तशी."

पोरगी माझ्या मांडीवर बसून फोनसाठी हात पुढे करत होती. मी फोन तिच्या हातात दिला आणि मोरीत गेले. तुझा काही दोष नाही! मी भिंतीवर डोकं टेकून उभी राहिले. सांगायचं होतं, तर तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. गुरुवार दोन दिवसांवर होता.

उन्हाळ्यात हे सुट्टीवर आले. आल्या आल्या दाराआड लपलेल्या पोरीला उचललं, आईबाबांच्या पाया पडले, चहा घेतला आणि सवयीने गाडीकडे गेले. मी माजघरात कैऱ्या चिरत होते. बाबा आत आडवे झाले होते, सासू पोरीला घेऊन शेजारी गेली होती. पडवीत ताडपत्रीचा आवाज आला, मग बाजूच्या डिकीचा, मग बराच वेळ काहीच नाही.

तेव्हा मला आठवलं.

बाकी सगळ्यांशी मी खोटं बोलले होते, पण त्या वहीत खोटं लिहायचं मला सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं तिच्यात "मीटर तेच" लिहिलं, ते खरं होतं. नंतर दर गुरुवारी जे लिहिलं, तेही खरं. तलासरी, अर्ज लिहिणे, सात. तलासरी, अर्ज लिहिणे, अकरा. आणि त्याच्या आधी, ठळक अक्षरात, तो दाखला.

मी बाहेर गेले. हे पायरीवर बसले होते, वही मांडीवर, बोट एका ओळीवर.

"दाखला मिळाला," त्यांनी वाचलं. पुढची पानं उलटली, परत मागे आले. "ऑक्टोबरात?"

"हो."

"मग मला काय सांगत होतीस?"

चिरायची सुरी हातातच होती, ती खाली ठेवली.

"तुला यायचंच नव्हतं का माझ्याकडे?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले, बाबा जागे होऊ नयेत म्हणून, आणि मला रडू फुटलं.

"यायचं होतं. पंधरा साली यायचं होतं. सोळा साली बॅग भरून बसले होते मी, ठाऊक आहे? सतरा साली पण यायचं होतं. तुम्ही म्हणालात थांब, मी थांबले. बाबा म्हणाले थांब, मी थांबले. माझी दाढ गेली थांबण्यात!"

"आणि आता?"

"आता माझ्याकडे गुरुवार आहे."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "ही पोरगी मला बघून आधी दाराआड लपली. सोबत असती तर लपली नसती. ते माझ्या नशिबात नव्हतं असं मी समजत होतो."

माझं चुकलं हे मला माहीत आहे. परत तीच वेळ आली तर मी काय करीन, ते मात्र मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं नाटक मी करणार नाही.

चार दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलले. मग हळूहळू जेवताना बोलायला लागले, एकदा झाईला समुद्रावर नेलं, पोरगी त्यांच्या खांद्यावर बसली. आईबाबांना त्यांनी काही सांगितलं नाही. सुट्टीतले सगळे गुरुवार मी घरीच होते. कोण जाणार? सुट्टी होती ना. घराला रंग लावून झाला, मोटर दुरुस्त झाली, नणंदेकडे जाऊन आलो. गुरुवारी दुपारी मी घड्याळ बघायचे आणि हे मला बघताना बघायचे.

निघायच्या दिवशी ह्यांनी गाडी धुतली, ताडपत्री घातली, दोरी आवळली. वही डिकीत ठेवली. किल्ली हातात घेऊन उभे राहिले. मी दारातच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरंच पाहिलं, आणि मग वळून किल्ली बाबांच्या हातात दिली.

"दाखल्याचं काम झालंय, बाबा," ते म्हणाले. "आता काही राहिलं नाही."

माझं खोटं झाकलं आणि माझ्या गुरुवारचं दारही लावून घेतलं. पोरीचा मुका घेतला, बॅग उचलली, गेले.

दोन दिवसांनी गुरुवार आला. मी सकाळी लवकर आवरलं, पिशवीत कोरे कागद घातले आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, किल्ली द्या."

"दाखल्याचं झालं ना?"

"झालं."

"मग आता तलासरीला काय?"

मी तोंड उघडलं, आणि सवयीने सही, शिक्का, साहेब असलं काहीतरी येणार होतं. ते गिळलं.

"माझं काम आहे. लोकांचे अर्ज लिहिते मी तिथे. वर्ष झालं."

सासू पोळपाट तसाच सोडून दारात आली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रागावले नव्हते. गोंधळले होते, असं मला वाटतं.

"तो आला की विचारू त्याला," ते म्हणाले.

"ते परवाच गेलेत, बाबा."

बाबांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. मी चप्पल घातली. रिक्षाने डहाणू स्टेशन. एसटी गेलेली. टमटममध्ये कोंबून, मध्ये एकदा बदलून, तलासरीला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. वाटलं, महिनाभर नव्हते, कोण थांबलंय? पायरीवर आठ जणी बसल्या होत्या. म्हातारी भिंतीला टेकून झोपली होती. झेरॉक्सवाली बाई म्हणाली, "फटफटी कुठे?"

"घरी," मी म्हटलं आणि पाट मांडीवर घेतला.

त्या दिवशी घरी पोचायला अंधार पडला. सासूने ताट झाकून ठेवलं होतं. त्यानंतरच्या गुरुवारीही मी तशीच गेले आणि तशीच आले.

मग रविवार आला. चहा झाला. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. बाबा आत आले, खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"अगं, गाडी गेल्या रविवारीही चालू केलेली नाही. बॅटरी उतरेल. स्टँडवरच, दहा मिनिटं."

माझे हात पिठात होते. मी ते थांबवले नाहीत.

"हे आले की बघतील, बाबा," मी म्हटलं.

बाबा किल्ली धरून तसेच उभे राहिले, मग पाठ करून पडवीत गेले. ताडपत्रीच्या दोरीशी ते किती वेळ झटापट करत होते, ते मला आत ऐकू येत होतं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि पुढचा उंडा घेतला.